दोन कोटींचा गोऱ्हा

हाताला फोड आलेत, मान वळत नाही आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ४६ वर्षांचा. आमच्या पिंगळी गावात काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर. दारात एक ट्रॅक्टर आणि एक थकलेली डिझेल गाडी. गाडी कशासाठी असते? परभणीच्या मोंढ्यात जायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला, लग्नाचा बस्ता बांधायला. एवढंच मला ठाऊक होतं. आणि गेल्या रविवारी कोईमतूरला मी अशा गाडीत बसलो जिला दार नाही, छत नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. रस्त्यावर काढली तर पहिल्याच चौकात पोलीस धरेल. अहो, ४६ वर्षं मी करत काय होतो?

सगळा दोष भाच्याचा. तो चाकणला नोकरीला. "मामा, काही दिवस माझ्यासाठी काढा, कुठं ते विचारू नका," म्हणाला. परभणीहून सिकंदराबाद, तिथून कोईमतूर, मग शहराबाहेर चेट्टीपाळयम. तिथं करी मोटर स्पीडवे. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर, आमच्या शिवाराला एक वळसा घातला तरी जास्त भरेल. हे नाव एस. करिवर्धन यांचं. ते स्वतः शर्यती करायचे आणि स्वतः गाड्याही बांधायचे. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुती उभी केली, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना एका सीटच्या गाडीत बसता तरी आलं. १९९५ साली छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, तोही कोईमतूरचाच. हे सगळं मला परत येताना रेल्वेत कळलं. जाताना मला वाटत होतं भाचा उटीला नेतोय.

माझ्या वाट्याला आली ती फॉर्म्युला एलजीबी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागं मारुतीचं १३०० सीसीचं इंजिन. इंजिन ओळखीचं निघालं म्हणून मी जरा सैल झालो, आणि तिथंच फसलो. बसायचं म्हणजे काय, तर आधी सीटवर उभं राहायचं, मग दोन्ही बाजूंना हात टेकून स्वतःला खाली सोडायचं, विहिरीत उतरल्यासारखं. पाय सरळ पुढं. बूड जमिनीपासून वीतभर. मग दोन पोरांनी मला पट्ट्यांनी आवळलं: खांद्यावरून दोन, कमरेला दोन, मांड्यांमधून खालून वर. दावणीला बांधलेलं जनावर तरी मान हलवतं. मला तेवढीही मुभा नव्हती.

शिकवणारा तमिळ गडी मोडक्या हिंदीत एकच गोष्ट दहादा सांगत होता. ब्रेक आधी, वळण नंतर. आणि नजर जिथं जायचंय तिथं, गाडी आत्ता आहे तिथं नाही.

पहिल्या दोन फेऱ्या मी बैलगाडी हाकावी तशी हाकली. तिसऱ्या फेरीला काहीतरी झालं. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळं रस्त्यावरचा एकेक खडा तळहातात येतो. पुढचं चाक डोळ्यांसमोर उघडं फिरताना दिसतं, माझ्या मनगटाबरोबर वळताना दिसतं. इंजिन कानामागं किंचाळतंय. सरळ पट्ट्यावर चौथा गिअर टाकला आणि वाटलं, दोनशेच्या पुढं असणार. (भाचा नंतर म्हणाला, "मामा, एकशे दहा असंल.") मग वळण आलं, मी ब्रेकवर उभाच राहिलो, पट्टे छातीत रुतले, नाक आत वळवलं, आणि गाडी वळली! तिरपी झाली नाही, डुलली नाही, कुरकुरली नाही. माझ्या डिझेल गाडीला असं वळवलं असतं तर ती थेट पऱ्हाटीत गेली असती.

पाचव्या फेरीला शहाणपणा नडला. वळणाच्या मधोमध घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडीनं जागच्या जागी गिरकी घेतली. धूळ, शांतता, आणि मी आलो त्या दिशेला तोंड करून बसलेलो. हसू आवरेना. झेंडा हातात घेतलेला पोरगा माझ्याकडं बघत होता आणि मी हेल्मेटच्या आत येड्यासारखा हसत होतो.

त्या रात्री झोप कसली! भाच्याच्या फोनवर बघत बसलो: अशी एक गाडी विकत घ्यायची तर काय लागतं? कंपनीनं शर्यतीसाठीच बांधलेली, तयार. आणि सापडली पोर्शची ९११ जीटी३ कप. जर्मनीत श्टुटगार्टच्या झुफनहाउझेन भागातल्या कारखान्यात रस्त्यावरच्या ९११ ज्या लाइनवर बनतात, त्याच लाइनवर ही बनते. २०२१च्या हंगामासाठी आलेल्या पिढीचं ४ लिटरचं इंजिन, ५१० पीएस, वजन १२६० किलो. ती आली तेव्हा किंमत २ लाख २५ हजार युरो, कर सोडून. तेव्हाच्या रुपयात दोन कोटींच्या घरात, आणि आपल्या बंदरावरचा कर वेगळाच. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना; दोन्हींमध्ये केवढं अंतर आहे ते त्या रात्री आकड्यात दिसलं.

पण मला खिळवलं ते किमतीनं नाही. त्या गाडीची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. इंजिन शंभर तासांनी तपासणीला. तासांवर! म्हणजे आमच्या ट्रॅक्टरसारखी! ट्रॅक्टर किती किलोमीटर चालला हे कोण विचारतं? अवर मीटर बघायचा, अडीचशे तास झाले की ऑइल. मी रात्री दोन वाजता भाच्याला उठवून हे सांगितलं. तो म्हणाला, "झोपा मामा."

मग असा प्रश्न पडला की रस्त्यावरची एखादी भारी गाडी घेऊन तीच ट्रॅकवर का नेऊ नये? एका गाडीत दोन कामं. भाच्यानं सकाळी इडली खाता खाता त्याचं उत्तर दिलं. दहा-बारा फेऱ्या जोरात मारल्या की साध्या गाडीचं ब्रेक ऑइल उकळतं, पेडल भुईला टेकतं. लांब वळणात इंजिनातलं ऑइल एका बाजूला पळतं आणि पंपाला मिळत नाही. टायर कडेनं खरवडले जातात. त्यात आपल्या विम्याच्या कागदावर साफ लिहिलेलं असतं की शर्यत आणि वेगाची चाचणी यात झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. मग ब्रेक बदला, सांगाडा घाला, सीट बदला, आणि शेवटी ती ना रस्त्याची राहते ना ट्रॅकची. त्यापेक्षा कारखान्यानं बांधलेली शर्यतीची गाडी प्रामाणिक. ती फुकटची फुशारकी मारत नाही. मी एकच काम करीन म्हणते आणि ते करते.

एकच काम करणारं महागडं जनावर आमच्या घरात नवीन नाही. वडिलांनी, म्हणजे आबांनी, एक गोऱ्हा फक्त शंकरपटासाठी, बैलांच्या शर्यतीसाठी, पाळला होता. औताला कधी जुंपला नाही. दूध, खारीक, उडदाचं भरडं; घरातल्या पोरांच्या आधी त्याचं. पटाला जाताना टेम्पोतून जायचा, पायी नाही. आई म्हणायची, "खायला काळ, भुईला भार." आबा ऐकायचे आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या तेव्हा तो गोठ्यात म्हातारा होत राहिला. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तोवर तो नव्हता. आता पटाच्या बैलाचे लाखांतले भाव ऐकून लोक तोंडात बोटं घालतात. मी घालत नाही.

तरीही हिशोब हिशोबच. गाडी दोन कोटींची असो की पन्नास लाखांची, ती पिंगळीत ठेवून करू काय? आपले नावाजलेले ट्रॅक कोईमतूरला, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि ग्रेटर नोएडाला. तिला न्यायला ट्रेलर, सांभाळायला मेकॅनिक, वर्षाचे वापराचे दिवस पाच. सोयाबीन काढायला आपण हार्वेस्टर विकत घेतो का? एकरी भाव ठरवतो, तो येतो, काढतो, जातो. इथंही तेच चालतं हे कळल्यावर मी टाळी वाजवली. फोक्सवागननं २०१० पासून भारतात पोलो कप चालवला, पुढं व्हेंटो, मग २०१७ला अमिओ कप. अमिओमध्ये १.८ लिटरचं २०५ पीएसचं इंजिन, निव्वळ ट्रॅकची गाडी. तेव्हा गाड्या कंपनीच्या, मेकॅनिक कंपनीचे. चालवणाऱ्यानं हंगामाचे पैसे भरून फक्त हेल्मेट घेऊन यायचं. सगळ्यांना सारखीच गाडी, म्हणजे हरलो तर गाडीचं नाव सांगायची सोय नाही. फेरारीनं तर २००५ साली एफएक्सएक्स म्हणून तीसेक गाड्या काढल्या, पैसे घेतले, आणि बहुतेक गाड्या स्वतःच्याच गोठ्यात ठेवून घेतल्या. मालकानं कंपनी सांगेल त्या दिवशी यायचं, चालवायचं, घरी जायचं.

तेव्हा माझं मत झालंय. रोज ट्रॅकवर जाणाऱ्याला कारखान्याची गाडी परवडते. माझ्यासारख्यानं दिवसाच्या भाड्यानं घ्यावी, आणि ते पैसे कुणी कितीही नावं ठेवली तरी खर्च करावेत. बायकोला हे सांगितलं. "अहो, येड लागलंय तुम्हाला," म्हणाली, आणि हळद-तेल गरम करून फोडांना लावलं.

आबा आता ८१ चे. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं, इंजिन, टायर, तास, दोन कोटी. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"पळताना मान कशी धरती?" त्यांनी विचारलं.

"सरळ. ब्रेक मारला की जरा खाली घालती."

"अन् वळताना?"

"वळताना अजिबात हलत नाही, आबा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणाच्या गोठ्यातली म्हणाला तू?"