तिकीट काढले की आपली जागा

गावाकडचे पाहुणे आले की आम्ही त्यांना मुंबई दाखवतो ती लोकल आणि बसमधूनच.

दादरला चैत्यभूमीचे दर्शन झाले की पहिली लोकल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १९२५ साली विजेची लोकल आली. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे आजही पाच रुपये. तिघांच्या बाकावर चौथा माणूस ‘जरा सरका’ म्हणतो आणि सरकावेच लागते. जात कोणी विचारत नाही.

स्टेशनबाहेर बेस्टची लाल बस, १९२६ पासूनची. तिच्या आधी ट्राम होती. १८७४ साली घोड्यांची, १९०७ पासून विजेची. १९६४ साली ती बंद झाली. आता आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते. तिच्या दादर स्टेशनवरून चैत्यभूमीला पायी जाता येते. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच सुटते, तीही मुले हट्टाने पाहतात.

या प्रवासात मुलांना आम्ही मसूरची हकिकत सांगतो. १९०१ साली लहानगे भीमराव वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले होते. रेल्वेने मसूरपर्यंत आणले. पण पुढे बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार! पुढे १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेब बॅरिस्टर म्हणून गेले, तरी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. विद्या होती, भाडे द्यायला पैसे होते, टांगा हाकायला टांगेवाला मात्र तयार नव्हता.

म्हणून बंधू-भगिनींनो, तिकीट काढले की आपली जागा, ही गोष्ट लहान समजू नका. पण आता अडसर भाड्याचा आहे. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचावरून दहा रुपये झाले. भुयारी मेट्रोचे सर्वात लांबचे तिकीट सत्तर रुपये. चार माणसांच्या घराने येण्याजाण्याचा हिशेब करून पाहावा. जातीने अडवलेली वाट आता पैशाने अडता कामा नये.

तेव्हा वस्तीतली बस बंद झाली किंवा फेऱ्या कमी झाल्या, तर गप्प बसू नये. महिला मंडळाने, तरुणांनी सह्या गोळा करून डेपोत निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. जय भीम!