मंद आवाजाचा गुणाकार

आवाज वाढवणे आणि ऐकू येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. साहित्य शिकवणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. तरी आम्हा दोघा अध्यापकांना त्याचा नेमका अर्थ कळला तो एका ध्वनिमुद्रिकेमुळे.

आमच्यापैकी एकाचे वडील, अण्णा, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. यंत्रांच्या सान्निध्यात तीस वर्षे काढून कान मंदावले. रेकॉर्डी मात्र जिवापाड जपलेल्या. जुना फोनो कायमचा बंद पडला तेव्हा आम्ही नवा टर्नटेबल आणला. त्याचे कार्ट्रिज होते मूव्हिंग कॉइल जातीचे. कुमार गंधर्वांची दीर्घमुद्रिका लावली, तर गाणे भिंतीपलीकडून यावे तसे आले. "वाढवा रे जरा," अण्णा म्हणाले. वाढवले, तर गाण्याबरोबर विजेची घरघरही वाढली आणि तानपुरा तिच्यात बुडून गेला.

कारण साध्या अंकगणितात होते. खाचेतून फिरणारी सुई हलते आणि कार्ट्रिजमध्ये अत्यल्प वीज निर्माण होते. ज्यात चुंबक हलते अशा कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात. ज्यात तारेचे वेटोळे हलते अशा आमच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ०.४. ही वीज फोनो प्रीॲम्पने वाढवायची असते. ४० डेसिबल म्हणजे १०० पट, ६० डेसिबल म्हणजे १,००० पट. शंभर पटीने ५ चे ५०० मिलिव्होल्ट होतात आणि ॲम्प्लिफायरला ते पुरतात, ०.४ चे होतात केवळ ४०. जुन्या घरगुती फोनोतली सिरॅमिक कार्ट्रिजे मुळातच इतकी वीज देत, की अण्णांना हा हिशेब कधी करावाच लागला नव्हता.

घरघर शिरत होती ती प्रीॲम्पच्या पुढच्या तारेत. आवाजाचे बटण त्याच्याही पुढे. ते गाणे आणि घरघर यांत भेद करीत नाही. आम्ही प्रीॲम्पची कळ ६० डेसिबलवर नेली. आता ४०० मिलिव्होल्ट त्या तारेतून जाऊ लागले. घरघर होती तेवढीच राहिली, पण गाण्याच्या मानाने दहापट लहान झाली. चुंबकाच्या कार्ट्रिजला हीच कळ लावली असती, तर ५ मिलिव्होल्टचे ५ व्होल्ट होऊन तान फाटली असती.

अण्णांना वरचे बारीक नाद अजूनही येत नाहीत. त्यावर कोणताही गुणाकार चालणार नाही. तानपुरा मात्र त्यांना ऐकू आला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वर्गात आम्ही काय करतो, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. काही कवितांचा आवाज मुळातच मंद असतो. त्यांचे पहिले वाचन घाईने उरकायचे आणि मग विवेचनाचे बटण फिरवीत राहायचे, तर कवितेबरोबर आमचीच घरघर मोठी होते. उलट, ज्या लेखनाचा स्वर मुळातच चढा, त्याला आम्ही तितक्याच उत्साहाने हजार पटींनी वाढवतो आणि ते फाटले की दोष लेखकाला देतो. दोन्हीकडे चूक मापाची असते. तिची दुरुस्ती पहिल्याच पायरीवर, पान प्रथम मोठ्याने वाचताना, करायची असते. नंतर दिलेल्या टिपणांनी ती होत नाही.