भाचेबुवांचं गणित

चि. धाकटीस,


दुसरीतलं पोरगं पंचवीस लिही म्हटलं की 52 लिहितं, म्हणून फोनवर रडकुंडीला आलीस. त्यानंच काढलेलं शेत मात्र मी पुनःपुन्हा बघते आहे. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन, परत चार, परत दोन. बांधावरून दिसतं तसं अख्खं रान त्याला एका नजरेत दिसतं, सुटे तुकडे जुळवताना तो अडतो. त्याला मठ्ठ म्हणू नकोस, कुणाला म्हणूही देऊ नकोस.

पंचवीसला आपण बोलतो पाच आधी, लिहितो दोन आधी. एकोणतीसला तर कानावर तीस पडतं आणि लिहायचा दोन! 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असंही वाचायची सोय दिली, तेव्हा केवढी टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी सांगितलं, की पंचवीस कुठं गेलेलं नाही, ही जोडीची पद्धत आहे. मला ती पटते. तुराट्यांचे बारके तुकडे कर, दहा-दहाचे दोन गठ्ठे बांध, पाच सुटे ठेव. ‘वीस पाच’ म्हणत त्याला लिहू दे. पंचवीस हे नाव मागाहून सांग. चारचा पाढाही सोयाबीनच्या पट्ट्यांवरूनच मोजू दे: चार, आठ, बारा. एकदा दिसला की मग पाठ करायचाच, त्यातून सुटका नाही.

वाचनाचं वेगळं आहे. ‘शिरूर’ची पाटी तो ओळखतो, पण ‘शिरपूर’ दाखव, तेही शिरूरच वाचेल. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराआधी, म्हणायची नंतर. हे अक्षर-अक्षर मोठ्यानं म्हणतच बसतं. आणि ‘हा बघूनच शिकतो’ असा शिक्काही मारू नकोस. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये असले दावे तपासले. ज्याच्या-त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं जास्त येतं, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. चित्रं सगळ्याच पोरांना कामी येतात.

आपला जिल्हा पडला शिकवण्यांच्या लातूर पॅटर्नचा; दुसरीलाच शिकवणी लाव म्हणणारे भेटतील. लावू नकोस. वर्षअखेरीपर्यंत अक्षरं जुळेनात, तर मात्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घे. लाजू नकोस. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही धरलेली आहे.

तुझी,
अक्का