खोटे वाद्य

एका शब्दावरून आमच्या घरात दीड वर्ष अबोला होता. शब्द अगदी साधा. 'खोटे.' तो उच्चारला आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी. आणि ऐकून घ्यावा लागला तो मला, भर हळदीच्या मांडवात, साऱ्या गोखिवऱ्याच्या देखत!

आप्पांची बेंजो पार्टी होती. त्यांचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पेटीचा मूळ आवाज इतका नाजूक, की ढोलाच्या पहिल्याच थापेत बुडून जाई. म्हणून आप्पांनी तिला पिकप बसवला. पिकप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार चुंबकापाशी थरथरली की वेटोळ्यात तशीच वीज थरथरते. ती ॲम्प्लिफायरने मोठी करून कर्ण्यातून सोडायची. वरातीत हातगाडीवर मोटारीची बॅटरी आणि दोन कर्णे असत. कर्ण्याला खर्ज साधत नाही, तो नाकात गातो. पण तो करकरीत सूर वळणावरून ऐकू आला, की आम्ही पोरे भरले ताट सोडून पळत असू.

१९८७ साली मी नुकता कारखान्यात लागलो होतो. पगारातले पैसे साठवून मी एक कॅसिओ घेतला. त्यात सनई नव्हती. पण ओबो होता, आणि ओबो हे पाश्चात्त्यांचे सनईसारखेच दुहेरी जिभेचे वाद्य. त्या हळदीला मी ते बटण दाबले आणि 'सनई' सुरू केली. मंडळी खूश झाली! दहा मिनिटांत सारा मांडव माझ्याभोवती जमला आणि आप्पांकडे कोणी पाहीनासे झाले.

आप्पांनी शांतपणे आपली वायर काढली, बेंजो फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "खोटे वाद्य आहे हे."

मी वीस वर्षांचा होतो. वीस वर्षांच्या मुलाला उत्तर सुचले नाही असे सहसा होत नाही. मी म्हणालो, "आप्पा, मग तुमच्या तारेला वीज कोणी लावली? तुमचा बेंजो तरी कुठे खरा आहे?"

रागात बोललो, ते किती खरे होते हे मला पुढे कळले. हे वाद्य मुळात जपानचे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरची बटणे पाहून ते घडवले, नाव ताइशोगोतो. हिंदुस्थानात आल्यावर त्याचा बुलबुलतरंग झाला, आणि आमच्याकडे त्याने अमेरिकेतल्या एका भलत्याच वाद्याचे नाव घेतले.

आणि 'नागीन' चित्रपटातली ती पुंगी? १९५४ सालापासून कितीतरी लोक तिच्यावर डोलले. ती पुंगी नव्हतीच! ते होते क्लॅव्हियोलिन. फ्रान्समधल्या कॉन्स्तां मार्तां यांनी १९४७ साली काढलेले, व्हॉल्व्हवर चालणारे, एका वेळी एकच सूर देणारे यंत्र. संगीत हेमंतकुमारांचे, यंत्र वाजवले कल्याणजी वीरजी शहा यांनी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले त्यांतले ते, आणि साथीला रवी यांची हार्मोनियम. बोटे पट्ट्यांवर फिरवायची आणि गुडघ्याने एक दांडी हलवून आवाज लहानमोठा करायचा, अशी त्या यंत्राची रीत. खरी पुंगी मी नंतर ऐकली, आणि खरे सांगतो, मला ती जराशी खोटीच वाटली!

दीड वर्षाने एका संध्याकाळी मी पडवीत वाजवीत बसलो होतो. दारात आप्पा येऊन उभे राहिले.

"सनई वाजवतोस ना? मग दम घे."

मला अर्थ कळेना. ते शेजारी बसले.

"सनईवाला माणूस असतो. त्याला दम लागतो. तुझ्या यंत्राला लागत नाही. मग तो तूच घ्यायला हवा." जरा थांबून, अंगणाकडे पाहत ते म्हणाले, "पूर्वी लग्नाला एक म्हातारा सनई घेऊन येई. मी कर्णे आणले, तेव्हा त्याची सनई कोणाला ऐकू येईना. मग लोकांनी त्याला बोलावणेच सोडले. तो मला एकदाही खोटा म्हणाला नाही."

पुढच्या लग्नाला आम्ही दोघे एकाच ॲम्प्लिफायरला जोडून वाजवले. पुढे पार्टीत ऑक्टोपॅडही आले. आप्पांनी त्याला नावे ठेवली, पण 'खोटे' म्हटले नाही.

आप्पांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचा बेंजो माझ्या खोलीत खुंटीला आहे. १९९१ साली जगभरच्या कीबोर्डांसाठी १२८ आवाजांची एक सामाईक यादी ठरली. तिच्यात ११२ व्या क्रमांकावर चक्क सनई आहे! १०६ वर बेंजोही आहे, पण तो अमेरिकेतला. आप्पांचा त्यात नाही.

परवा पुतण्या आला. त्याला वरातीसाठी आप्पांचाच आवाज हवा होता. त्याने मला एकेक बटण दाबून तार छेडायला लावली, एकेक सूर फोनवर टिपला आणि कीबोर्डात भरला. एक तार जुनी झाली आहे, ती झणझणते. "हे काढून टाकू का?" त्याने विचारले. मी नको म्हणालो.

मग तो वाजवू लागला. सूर हुबेहूब, पण कुठे थांबणे नाही, उसंत नाही. माझ्या ओठांवर तो जुना शब्द अगदी आयता आला होता. मी तो गिळला.

"दम घे," मी म्हणालो.