दोष कोणाचा?

माहूरच्या आमच्या घरात तीन वर्षांत तीन वेळा पाळणा बांधण्याआधीच आशा मावळली. प्रत्येक वेळी मी सूनबाईकडे पाहिले. तोंडाने फारसे बोलले नाही; नजरेने मात्र पुष्कळ बोलले. त्या नजरेचा हा कबुलीजबाब आहे.

नांदेडच्या डॉक्टरांनी पती-पत्नी दोघांच्याही गुणसूत्रांची तपासणी सुचविली. किनवटहून रेल्वेने दोघे मुंबईला गेली. तेथे हेपॅरिनच्या नळीत थोडे रक्त घेतले. त्यातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवितात आणि विभाजनाच्या ऐन क्षणी कोल्चिसिनसारख्या द्रव्याने थांबवितात. कारण गुणसूत्रे तेव्हाच सुटी व स्पष्ट दिसतात. हे कोल्चिसिन आपल्या रानातील विषारी कळलावीतही असते, हे ऐकून मी चकित झाले. पुढे गिम्झा रंगाने गुणसूत्रांवर गडद-फिकट पट्टे उमटवितात आणि तज्ज्ञ 46 गुणसूत्रांच्या 23 जोड्या लावतात.

सूनबाईच्या जोड्या निर्दोष निघाल्या. माझ्या मुलाच्या तीन गुणसूत्रांचे पट्टे मात्र जुळेनात. मग 'फिश' चाचणी झाली. तीत एकेका गुणसूत्राला निराळ्या चमकत्या रंगाने रंगवितात. एका रंगात दुसऱ्याचा तुकडा दिसला, की अदलाबदल उघड होते. तिन्ही गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदलले होते. हरवले काहीच नव्हते, म्हणून मुलगा धडधाकट. मायक्रोॲरे ही नवी चाचणी केवळ उणे-अधिक मोजते. अशी समतोल अदलाबदल तिला दिसत नाही. परंतु अपत्याकडे जाताना हे तुकडे उणे-अधिक वाटले जाऊ शकतात आणि मग गर्भ टिकत नाही.

नंतर आम्हा आई-वडिलांचेही रक्त मागविले. तीच रचना माझ्यात सापडली! मुलाच्या जन्माआधी माझेही दोन गर्भ गेले होते. तेव्हा सासूबाईंची जी नजर मी सोसली, तीच मी पुढच्या पिढीला दिली होती.

समुपदेशक म्हणाले, "यात कोणाचाच दोष नाही. निरोगी बाळही होऊ शकते. पुढच्या वेळी गर्भाची तपासणी वेळेवर करू."

घरी येऊन मी सूनबाईची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मुंबईला तुम्हीही चला."

वाचक भगिनींनो, तपासणी दोघांचीही करावी. आणि अहवाल येईपर्यंत आपली नजर आवरावी.