एमसीआर-१: एक भटकं जनुक

त्याला स्वतःचं शरीर नाही. ते श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही. डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेली जेमतेम १६२६ अक्षरांची एक ओळ, एवढंच त्याचं अस्तित्व. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं गुणसूत्र चाळीस-पन्नास लाख अक्षरांचं असतं, पण तिथे एमसीआर-१ सहसा मुक्काम करत नाही. त्याला आवडतं ते प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राच्या बाहेर, जिवाणूच्या पोटात सुटं फिरणारं डीएनएचं छोटं वर्तुळ. कारण गुणसूत्र त्याच एका कुळात पिढ्यानपिढ्या अडकून पडतं, आणि प्लाझ्मिड परक्याच्या घरीही जातं.

माणसाच्या नजरेला ते पडलं शांघायजवळच्या एका डुकरामुळे. २०१३च्या जुलैमध्ये त्या डुकरातून घेतलेला ई. कोलाय कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद देईना. ग्वांगझोच्या दक्षिण चीन कृषी विद्यापीठातल्या लिउ जिआन-हुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा हे जनुक सापडलं. ते बसलं होतं चौसष्ट हजार अक्षरांच्या एका प्लाझ्मिडवर. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या डॉक्टरांच्या पोटात गोळा आला.

तो का आला, हे समजायला कोलिस्टिनची कहाणी माहीत हवी. १९५०च्या सुमारास जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. मूत्रपिंडांना आणि मज्जातंतूंना ते त्रास देई, म्हणून सौम्य औषधं आल्यावर डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं. मग ती सौम्य औषधं एकेक करून निकामी होत गेली, अगदी कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकंसुद्धा, आणि आयसीयूतल्या रुग्णासाठी पुन्हा कोलिस्टिनची बाटली काढावी लागली. मधल्या काळात हेच औषध स्वस्त म्हणून डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात पडत होतं. आजारासाठी तर पडतच होतं, पण वजन लवकर भरावं म्हणूनही. माणसासाठी अखेरचं राखलेलं औषध जनावरांचं वजन वाढवायला टनावारी वापरावं, याला माझ्या मते कुठलाही हिशेब पुरेसं कारण होऊ शकत नाही.

एमसीआर-१चं काम फार नेमकं आहे. कोलिस्टिनवर धन भार असतो, जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. त्या ओढीनेच औषध आवरणाला चिकटतं आणि ते फाडतं. हे जनुक एक विकर बनवून घेतं. ते विकर आवरणातल्या मेदाला एक रासायनिक गट जोडतं, ऋण भार कमी होतो आणि औषधाची पकड सुटते. औषध मोडतही नाही, बाहेर फेकलंही जात नाही. त्याला धरायला जागाच उरत नाही.

आणि हे जनुक संयमीही आहे. त्याने जास्त विकर बनवलं तर आवरण बिघडून यजमान जिवाणूच दुबळा होतो. म्हणून ते हात राखून काम करतं. त्यामुळे प्रतिकार मध्यमच दिसतो आणि प्रयोगशाळेला चकवतो. कोलिस्टिनचा रेणू मोठा, जिवाणू वाढवायच्या आगरच्या थरात नीट पसरत नाही. नेहमीच्या चकतीच्या चाचणीवर म्हणूनच विसंबता येत नाही, द्रवात औषधाच्या पायऱ्या लावून तपासावं लागतं. सगळीकडच्या प्रयोगशाळांना ते कुठून जमणार?

प्रवासात त्याला एक सोबती होता: डुकरांच्या फुप्फुसाला ग्रासणाऱ्या जिवाणूत पहिल्यांदा ओळखला गेलेला, उड्या मारणारा डीएनएचा तुकडा. त्याच्या आधारे ते एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर उतरलं. नव्या ठिकाणी रुजल्यावर अनेकदा तो सोबती गळून गेला आणि हे तिथेच स्थिरावलं. पुढचा प्रसार प्लाझ्मिडच करतं. दोन जिवाणू शेजारी आले की एकातून दुसऱ्यात त्याची प्रत जाते. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपल्या घरचं दही कमी होत नाही, तसं देणाऱ्याकडे ते राहतंच, घेणाऱ्याकडेही येतं. घेणारा ई. कोलायच असावा असंही नाही. आयसीयूत छळणारा क्लेबसिएलाही ते घेतो.

चीनमधल्या त्या पहिल्या पाहणीत जनावरांच्या २१ टक्के, कच्च्या मांसाच्या १५ टक्के आणि संसर्ग झालेल्या रुग्णांच्या सुमारे १ टक्का नमुन्यांत ते होतं. मला हे आकडे क्रमाने वाचताना त्याची वाटच दिसते: गोठा, दुकान, इस्पितळ. डेन्मार्कमध्ये जुन्या नोंदी चाळल्या, तर परदेशातून आलेल्या कोंबडीच्या मांसात आणि एका रुग्णात ते आधीच होतं. चीनमध्ये जपून ठेवलेल्या, १९८०च्या दशकातल्या कोंबड्यांच्या जिवाणूंतही ते निघालं. म्हणजे ते कधीचंच फिरत होतं.

नीट शिजवलेल्या रश्श्यात जिवाणू मरतात. पण कोंबडी कापलेली सुरी न धुता तिच्यावर काकडी चिरली, तर जिवाणू जिवंत पोटात जातात. तिथे ते मुकाट राहतात. माणूस आजारी पडत नाही, त्याला कळतही नाही. कधीतरी तो शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो आणि तेव्हा कल्चरचा रिपोर्ट हातात पडतो.

चीनने २०१७च्या एप्रिलअखेरीपासून वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं थांबवलं. २०१५मध्ये २७ हजार टनांवर असलेलं तिथलं उत्पादन २०१८मध्ये अडीच हजार टनांच्या आसपास आलं. डुकरांमधलं एमसीआर-१चं प्रमाण ३४ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर उतरलं, माणसांच्या आतड्यातलंही निम्म्याहून कमी झालं. प्रतिकार एकदा आला की जात नाही, असं मानून हात टेकणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. भारतानेही २०१९च्या जुलैमध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, पोल्ट्रीत, मत्स्यशेतीत आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिरा का होईना, हा निर्णय योग्यच होता.

तरी ते उरलेलं आहे. याचं एक कारण त्याच्या शेजाऱ्यांत आहे. त्याच प्लाझ्मिडवर कधीकधी दुसऱ्या औषधांना झुगारणारी जनुकंही बसलेली असतात. शेडमध्ये कोलिस्टिन बंद झालं, पण पाण्यातून दुसरं एखादं प्रतिजैविक चालू राहिलं, तर ते सोसणारे जिवाणू टिकतात आणि त्यांच्यासोबत एमसीआर-१ही पुढच्या लॉटमध्ये जातं. म्हणून पोल्ट्रीत गेल्यावर फक्त कोलिस्टिन देता का, एवढं विचारून भागत नाही. पक्ष्यांना पाण्यातून आणि खाद्यातून आणखी काय काय दिलं जातं, कशासाठी आणि कुणाच्या सल्ल्याने, हेही विचारावं लागतं.