अल्व्हर्स्टनची कंदील-मिरवणूक

लॉरेल-हार्डी या जोडीतला हडकुळा लॉरेल तुम्ही सिनेमात पाहिला असेल. त्याचे जन्मगाव अल्व्हर्स्टन, इंग्लंडच्या वायव्येस. वस्ती दहा-बारा हजारांची, म्हणजे आपल्याकडचे बाजाराचे गावच म्हणा ना!

या गावात १९८३ साली कंदिलांची मिरवणूक सुरू झाली. वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल या नाटकमंडळीच्या जॉन फॉक्स आणि सू गिल यांनी जपानात कागदी कंदील पाहिले होते. त्यांनी गावाला कंदील करून दिले नाहीत, करायला शिकवले. मला मोठे वाटते ते हेच.

सामान काय, तर विलोच्या लवचीक काठ्या (आपल्या ओढ्याकाठची वाळुंज त्याच जातकुळीतली), चिकटपट्टी, पातळ कागद आणि पाणी घातलेला पांढरा डिंक. काठ्या वाकवून सांगाडा बांधायचा, त्यावर कागद डिंकाने चढवायचा. वाळला की तो ताठ बसतो. आत तारेने मेणबत्ती रोवायची. दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील करणाऱ्या तुमच्या मुलांना हे सहज जमेल.

सप्टेंबरात अंधार पडला की गावाच्या निरनिराळ्या भागांतून रांगा निघत आणि ओहोळ मिळावेत तशा एकत्र येत. अनेकांच्या हाती घरी केलेला कंदील.

२००६ साली ती नाटकमंडळी बंद झाली. शिकवणारेच नाहीत म्हटल्यावर मिरवणूकही बसली असती, तर नवल नव्हते. पण तोवर काठी वाकवणारे हात घरोघर तयार झाले होते. पुढेही कित्येक वर्षे सप्टेंबरात कंदील निघतच राहिले.